बुजगावण्याच्या अंगावरचा कोट

माळव्यात पाऊस ओसरून ऊन पिवळं व्हायला लागलं, की माझ्या वडिलांना रविवारी घरात बसवत नसे. एरवी कारखान्यातून आल्यावर चहा पिऊन गप्प बसणारा माणूस; पण भाद्रपद सरत आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. आई पुऱ्या तळायची, बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरायची आणि आम्ही देवासहून कुठं ना कुठं निघायचो. कधी टेकडीवर, कधी तलावाच्या काठी, आणि दसऱ्याच्या सुटीत धारला. धार आमचं मूळ गाव. आजोबांची सगळी नोकरी तिथं संस्थानात झालेली. ते आणि माझी आत्या धारलाच राहायचे. त्यांच्याकडे दोन दिवस काढायचे आणि एक दिवस मांडवचा किल्ला बघायला जायचं, असा दरवर्षीचा बेत.

या सहलींची मला लाज वाटायची. बाबा बसमध्ये शेजारच्या माणसाला त्याचं गाव, पगार, मुलांची लग्नं असं सगळं विचारायचे. आई इंदूर यायच्या आधीच लोणच्याची बरणी उघडायची. मी खिडकीशी बसून बाहेर बघत राही, म्हणजे मी यांच्यातली आहे हे चटकन कुणाला कळू नये. मी इंग्रजी शाळेत जात होते. तिथल्या मुली सुटीत काय करतात ते मला माहीत होतं, आणि त्यात आमच्यासारखं काहीच नसायचं.

एका वर्षी धारहून परतताना बाबांनी टोपलीत बदकांची जोडी घेतली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "परसात हौद आहे ना, रिकामाच पडलाय." इंदूरला बस बदलताना टोपली माझ्या हातात होती. आतून आवाज सुरू झाला तसा कंडक्टर वाकून म्हणाला, "बेबी, इनका टिकट लिया क्या?" सगळी बस हसली. बाबाही हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. माझी कानशिलं देवासपर्यंत तापलेली होती.

बदकं परसात रुळली. दुसऱ्या पावसाळ्यात मादीनं हौदामागच्या कोपऱ्यात अंडी उबवली आणि पाच पिल्लं निघाली. त्यातली दोन कावळ्यांनी नेली. धाकटी बहीण दोन दिवस रडत होती. आई हातात काठी घेऊन परसात बसायची, पण स्वयंपाक टाकून किती बसणार?

त्याच सुमाराला शाळेत सिस्टरनी घरी करून आणायला हस्तकलेचं काम दिलं होतं. विषय होता टाकाऊपासून टिकाऊ. मला हातानं काही करायला सांगितलं की बरं वाटे, कारण त्यात बोलायला लागत नाही. शेजारच्या माळवी काकींच्या मुली पितृपक्षात रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं संझा, म्हणजे संझादेवीचं चित्र, काढायच्या, त्याला तेरड्याची आणि झेंडूची फुलं चिकटवायच्या. त्यांची गाणी मला येत नसत, पण आकृती काढायला त्या मलाच बोलवायच्या. मग सकाळी शाळेत जाताना मी हात तीन-तीनदा साबणानं धुवायची.

तर मी बुजगावणं करायचं ठरवलं. बांबूचे दोन तुकडे, मोडका खराटा, उशीचा जुना अभ्रा आणि त्यात भरायला भुसा. अभ्र्यावर कोळशानं डोळे काढले, खाली मिशा काढल्या. आईनं ट्रंकेतून एक काळा, बंद गळ्याचा कोट काढून दिला. आजोबांचा. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचे बाकीचे कपडे धारलाच वाटून टाकले होते. हा एक बाबांबरोबर देवासला आला होता. अस्तर कसरीनं खाल्लं होतं, एक बाही उंदरानं. पितळेची बटणं मात्र चकचकीत होती.

"कुणाला देता येत नाही आणि टाकवत नाही," आई म्हणाली. "लाव त्याला. ऊन तरी लागेल."

कोट चढवल्यावर बहीण लांबून बघून ओरडली, "ताई, हे तर आबासाहेब!"

आम्ही सगळे आजोबांना आबासाहेब म्हणायचो. मिशा मी मुद्दाम तशा काढल्या नव्हत्या. हातानं त्या तशाच काढल्या.

सोमवारी ते शाळेत न्यायचं होतं. मी ते उचलून फाटकापर्यंत नेलं. समोरून शाळेची बस येताना दिसली, आणि आपण एक अख्खा माणूस काखेत धरून उभ्या आहोत हे माझ्या लक्षात आलं. मी मागे फिरले, ते परसात ठेवलं आणि आदल्या वर्षीचा, फुटक्या बांगड्या चिकटवलेला पावडरचा डबा दप्तरात घालून गेले. संध्याकाळी मी बुजगावणं हौदापाशी रोवलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तोंड दिसू नये म्हणून ते घराकडे फिरवून ठेवलं.

बाबा कारखान्यातून आले आणि सवयीनं बदकं बघायला परसात गेले. मी दारातून बघत होते. ते हौदाच्या अलीकडेच थांबले. बराच वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता हसतील आणि शेजाऱ्यांना हाक मारून दाखवतील. तसंच करायचे ते नेहमी. पण ते आत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बरं झालंय." त्यानंतर ते परसात फारसे गेले नाहीत. बदकांना दाणे आई घालू लागली. मला वाटलं, काम बिघडलंय आणि ते माझ्यासाठी बोलत नाहीत.

कावळे मात्र बंद झाले. एकही पिलू गेलं नाही.

आबासाहेबांचं श्राद्ध तोपर्यंत धारलाच झालं होतं. त्या वर्षी बाबांना दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट होती, जाऊन येणं जमेना. म्हणून ते पहिल्यांदाच आमच्याकडे आलं. आत्या सकाळच्या बसनं धारहून आली. ती बाबांपेक्षा मोठी, बोलायला कडक, आणि शेवटपर्यंत आबासाहेबांना तिनंच सांभाळलेलं. बाबा तिला आक्का म्हणत आणि तिच्यासमोर कॉलरचं बटण लावून वावरत. चपला काढता काढता तिनं विचारलं, "वहिनी, आळूची पानं मिळाली का इथं?" आणि आई म्हणाली, "मिळाली, वन्सं, सगळं झालंय." त्या दिवशी सगळं नीट व्हावं म्हणून आई पहाटेपासून उभी होती. बाबांनाही ते नीट व्हायला हवं होतं, आईपेक्षा जास्त. ते सारखे विचारत होते, "खीर पातळ नाही ना झाली? त्यांना दाट लागायची."

गुरुजींनी विधी उरकले. त्यांना पुढची घरं होती. कावळ्यासाठी पान वाढायला सांगून ते गेले. "तो येईल सावकाश, तुम्ही जेवून घ्या," असंही म्हणाले. पण आमच्या घरचा रिवाज असा, की कावळा पानाला शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. धारला कधी प्रश्नच आला नव्हता. पान ठेवायचा अवकाश, कावळे तयार असत.

बाबांनी पान नेऊन हौदाच्या कठड्यावर ठेवलं. भात, खीर, वडे, आळूची भाजी. आम्ही सगळे मागच्या पायरीवर उभे राहिलो.

कावळा आला नाही.

लांब विजेच्या तारेवर दोन बसले होते. एक उडाला, आमच्या परसावरून गेला आणि वळून परत तारेवर बसला.

आमच्यात अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून त्याला वचन द्यायचं असतं. बाबा हात जोडून म्हणाले, "आबासाहेब, मुलींची शिक्षणं पुरी करीन." कावळा हलला नाही. आई म्हणाली, "वन्संना कधी अंतर देणार नाही." कुंपणापलीकडे माळवी काकी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या मुलीही. मला वाटत होतं, जे काय व्हायचं ते घरात व्हावं. आमची वचनं अशी उघड्यावर, धुण्याच्या दोरीखाली चालली होती.

"काँई वयो भिया?" काकींनी विचारलं. "कागला नी आया?"

बाबांनी नाही म्हणून तारेवरच्या कावळ्यांकडे बोट दाखवलं.

आत्या पायरी उतरून पुढे गेली, वर बघायला म्हणून. मग तिची नजर खाली आली. बुजगावणं तिच्याकडेच तोंड करून उभं होतं.

तिनं पुढे होऊन कोटाचं बटण चाचपलं. मग म्हणाली, "हा कोट कुणी घातला याला?"

"मी दिला, वन्सं," आई म्हणाली. "फाटला होता, म्हणून..."

"तुला नाही विचारत. याला विचारते." ती बाबांकडे वळली. "तुला माहीत होतं ना, कुठला कोट आहे हा?"

बाबा म्हणाले, "हो."

"वहिनीला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होतो, आक्का?"

मग आत्यानंच सांगितलं. आईकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आबासाहेब गेले त्याच्या आदल्या दसऱ्याला आम्ही मांडवला गेलो होतो, ओळखीच्यांच्या जीपमधून. मला ती जीप आठवत होती. आम्ही बाहेर बसून हॉर्न वाजवत होतो आणि बाबांना यायला उशीर होत होता. आत आबासाहेब हा कोट घालून, बटणं लावून, काठी घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. सहल म्हणजे सगळेच जाणार असं ते धरून चालले होते. बाबा त्यांना म्हणाले, जीपमध्ये जागा नाही, आणि तुम्हाला चढ झेपायचा नाही. ते म्हणाले, "बरं." आम्ही संध्याकाळी परत येईपर्यंत त्यांनी कोट काढला नव्हता.

"मी म्हटलं, काढा आता, उकडतंय," आत्या म्हणाली. "तर म्हणाले, राहू दे, येतील ते मला न्यायला."

धाकटी बहीण माझा हात ओढत होती. तिला एवढंच समजलं होतं. "ताई, आबासाहेबांना बघून कावळे घाबरतात?"

काकी मुलींना घेऊन हळूच आपल्या घरात गेल्या. माझे वडील परसाच्या मध्ये उभे होते, धोतर नेसून, उघड्या अंगानं, आणि त्यांचा चेहरा बसमध्ये माझा व्हायचा तसा झाला होता. कुठं बघावं ते कळत नसलेला. तोपर्यंत मला वाटत होतं, की लाज आमच्या घरात मला एकटीलाच वाटते. बाकीच्यांना ती नाहीच, म्हणून तर ते असे वागतात. आणि हा माणूस ती कितीतरी दिवस परसात उभी असलेली बघत होता, आणि माझं मन मोडू नये म्हणून की सांगावं लागू नये म्हणून, तिला हात लावत नव्हता.

बाबा हौदापाशी गेले. त्यांनी कोटाचं एकेक बटण काढलं, जपून, जसं माणसाचं काढावं. कोट झटकला. भुसा पडला. मग तो दोन्ही हातांवर घेऊन ते म्हणाले, "चला आबासाहेब. फिरायला जाऊ."

आत्यानं तोंडाला पदर लावला. आईनं काही न विचारता डबे काढले.

पान ताटात घेऊन वर रुमाल झाकला. बाबांनी शर्ट-पँट घातली. आम्ही सवाऱ्या घेणाऱ्या टेम्पोत बसून तलावावर निघालो, उपाशी, श्राद्धाचा स्वयंपाक डब्यांत घेऊन. पितृपक्षात अशी सहल कुणी काढत असेल असं मला वाटत नाही.

रविवार असल्यानं काठावर गर्दी होती. भुट्टेवाले होते, गाड्या होत्या. बाबांनी एक जरा मोकळी जागा शोधून कठड्यावर पान ठेवलं आणि शेजारी कोट घडी घालून ठेवला. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. आणि तेवढ्यात मला माझ्या वर्गातली एक मुलगी दिसली. बाबांच्याच कारखान्यातल्या मोठ्या साहेबांची. पांढऱ्या मोज्यांत, आईचा हात धरून, ती सरळ आमच्याकडे येत होती.

"हाय," ती मला म्हणाली. मीही म्हणाले, पण आवाज आला की नाही माहीत नाही.

तिच्या आईनं डबे पाहिले, ताट पाहिलं. हसून बाबांना विचारलं, "पिकनिक?"

मी मनात म्हणत होते, नुसतं हो म्हणा. बाकी काही नको.

"जी हाँ," बाबा म्हणाले. "पिताजी को घुमाने लाए हैं।"

"अरे वा!" काखेतली सतरंजी सावरत त्या इकडेतिकडे बघू लागल्या. "कहाँ हैं? बिठाइए ना उन्हें, हमारे पास दरी है।"

"बस, आते ही होंगे," बाबा म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या आवाजावरून मला ते कळलं आणि म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. वर्गातली मुलगी मला इंग्रजीत विचारत होती, माझे आजोबा कसे दिसतात, म्हणजे तिला शोधता येतील. मी पाण्याकडे बघत होते. पाण्यावर शेवाळ होतं, त्यात भुट्ट्याची सालं तरंगत होती.

"शिवला!" आत्या ओरडली. "शिवला, शिवला!"

मी बघितलं तेव्हा कावळा पानावर होता. आधी वडा घेतला, खाली टाकला, मग खिरीत चोच घातली. कुणाची भीती नसल्यासारखा. आत्या हात जोडून मोठ्यानं रडत होती आणि आई तिची पाठ चोळत होती. बाबा जमिनीवर बसले होते. भुट्टेवाला हातातला पंखा थांबवून बघत राहिला. माझ्या वर्गातली मुलगी आधी हसली, मग तिच्या आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी गप्प झाली. त्या बाईंना समजलं असावं. त्यांनी कावळ्याकडे, मग कोटाकडे बघून मान वाकवली आणि मुलीला घेऊन निघून गेल्या. शाळेत ती मुलगी याबद्दल कधी बोलली नाही. तिनं काहीतरी बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

आम्ही तिथंच जेवलो, कठड्याला पाठ लावून. खीर दाट होती.

परतीच्या टेम्पोत बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. चढताना त्यांनी कोट माझ्या हातात दिला. मागे आत्या, मी, आणि समोर आई बहिणीला मांडीवर घेऊन. माझ्या शेजारी थोडी जागा होती. मांडीवर डबे होते, म्हणून मी कोट तिथं ठेवला. पुढच्या चौकात एक गृहस्थ चढले. टेम्पो भरलेला होता.

"बेटा, ये ज़रा उठा लो," ते कोटाकडे बोट दाखवून म्हणाले.

डबे आईकडे देता आले असते, कोट मांडीवर घेता आला असता. आत्या माझ्याकडे बघत होती. मी अनोळखी माणसांशी कधी बोलत नसे; दुकानात सुद्धा बहिणीला पुढे करायची.

"यहाँ बैठे हैं," मी म्हणाले.

"कौन?"

सगळा टेम्पो ऐकतोय असं वाटत होतं, आणि ऐकतही होता.

"दादाजी."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आत्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग वरची दांडी धरून ते उभे राहिले. ड्रायव्हर काहीतरी बोलणार होता, पण बाबांनी त्याला त्याचं गाव विचारलं. आत्यानं हात लांब करून कोटाची उलटी पडलेली कॉलर सरळ केली. घर येईपर्यंत मी मान वर केली नाही. कान पेटले होते. तरी कोट मी उचलला नाही.

तो कोट आत्या धारला घेऊन गेली. आमचं बुजगावणं नुसत्या काठ्यांचं उरलं आणि आठवड्यात कावळे पुन्हा हौदावर घिरट्या घालू लागले. बाबांनी आपला कारखान्याचा जुना खाकी शर्ट आणून दिला.

"हा घाल त्याला," ते म्हणाले. "फक्त माझ्या श्राद्धाच्या दिवशी आधी उतरवा, म्हणजे तुमची वरात निघायची नाही."

"काहीतरीच काय बोलता!" आई आतून म्हणाली.

ते हसले आणि बदकांना दाणे घालायला हौदापाशी गेले. मी शर्टाची बटणं लावली, अभ्र्यावरच्या मिशा ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या. तोंड मात्र मी घराकडेच ठेवलं.